खोली क्रमांक ३०२ मध्ये पुन्हा एकदा: ‘सायलेंट हिल’चा दुर्लक्षित चौथा भाग

८ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘सायलेंट हिल २’ या गेमची नव्याने बांधलेली आवृत्ती बाजारात आली आणि सर्व्हायव्हल हॉरर, म्हणजे भयावह वातावरणात जिवंत राहण्याची धडपड करावी लागणाऱ्या, प्रकारातील गेम खेळणाऱ्या आमच्या मोजक्या मित्रमंडळीत दुसरा विषयच उरला नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती आवृत्ती चालणे शक्य नव्हते आणि तेवढ्यासाठी नवे यंत्र घेणे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या, शिवाय घरच्या शेतीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या माणसाला परवडणारे नव्हते. याच मालिकेतील एक भाग मात्र मी विद्यार्थिदशेत अर्धवट सोडला होता आणि त्याच्याविषयी आपुलकीने बोलताना मी क्वचितच कोणाला ऐकले होते. तो म्हणजे चौथा भाग, ‘सायलेंट हिल ४: द रूम’. आर्वी तालुक्यातील आमच्या खेड्यात बसून तो रीतसर विकत घेणे, उतरवणे आणि शेवटापर्यंत नेणे यात ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ गेला. ज्यांना हेच करावयाचे आहे, त्यांच्या उपयोगासाठी तो सर्व क्रम येथे लिहीत आहे. कथानकाचा बराच भाग पुढे उघड झाला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कोनामी कंपनीच्या ‘टीम सायलेंट’ या चमूने हा गेम तयार केला आणि तो १७ जून २००४ रोजी जपानमध्ये प्रकाशित झाला. या मालिकेतील त्या चमूचे हे शेवटचे काम ठरले. त्यानंतरचा ‘ओरिजिन्स’ हा भाग २००७ मध्ये ब्रिटनमधील दुसऱ्याच स्टुडिओने केला. पहिल्या तीन भागांची ओळख बनलेल्या अनेक गोष्टी चौथ्या भागात नाहीत. नायकाच्या खिशात विजेरी नाही, राक्षस जवळ आल्यावर खरखरणारा रेडिओ नाही आणि धुक्यात बुडालेले सायलेंट हिल हे गावही जवळजवळ नाही. त्याऐवजी साउथ अॅशफील्ड हाइट्स नावाच्या इमारतीतील ३०२ क्रमांकाची एक सदनिका आहे आणि तिच्यात अडकून पडलेला हेन्री टाउनशेंड नावाचा एक अबोल तरुण आहे. दाराला आतून साखळ्या घातलेल्या आहेत, टेलिफोन बंद आहे, त्याच्या हाका बाहेर कोणाला ऐकू जात नाहीत आणि अशा अवस्थेत पाच दिवस गेल्यावर न्हाणीघराच्या भिंतीला अचानक एक भगदाड पडते. त्या भगदाडातून सरपटत तो वेगवेगळ्या दुःस्वप्नांत जातो आणि पुन्हा त्याच खोलीत जागा होतो.

२००८ च्या सुमारास अमरावतीला एका मित्राच्या वसतिगृहातील संगणकावर आम्ही तो आळीपाळीने खेळत होतो. अर्ध्यावर रुग्णालयाचा टप्पा येतो, त्यानंतर आधी पाहिलेल्या जागांमधूनच जखमी सोबतिणीला घेऊन परत जावे लागते, आणि तेथे आमच्या टोळीने एकमताने तो सोडून दिला. ‘यांच्याकडे नवीन जागा बनवायला पैसे उरले नसावेत’ हा आमचा त्या वेळचा निष्कर्ष होता. बहुतेकांची तक्रार आजही याच शब्दांत असते.

आता खरेदीविषयी. ऑक्टोबर २०२० पासून हा गेम जीओजी या संकेतस्थळावर विंडोजसाठी विकत मिळतो, तेथील त्याची किंमत दहा डॉलरला एक सेंट कमी आहे आणि एकदा घेतल्यावर त्याची फाइल स्वतःजवळ ठेवता येते, तिला सतत इंटरनेटची परवानगी लागत नाही. आमच्याकडील इंटरनेटची अवस्था पाहता ही शेवटची बाब मला किमतीपेक्षाही मोलाची वाटली. अडचण होती ती पैसे डॉलरमध्ये देण्याची. माझ्याजवळचे कार्ड देशांतर्गत व्यवहारापुरतेच होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून दिले जाणारे प्रत्येक नवे कार्ड सुरुवातीला फक्त भारतातील एटीएम आणि दुकानातील यंत्रांपुरते चालू असते. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार खातेदाराने स्वतः मागून सुरू करून घ्यावे लागतात. माझ्याकडे तर मुळात कार्डाचा प्रकारच बदलून घेणे आवश्यक होते.

१४ ऑक्टोबरला, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तालुक्याच्या शाखेत गेलो. त्या काळात लाडकी बहीण योजनेचे हप्ते खात्यांत येत होते आणि आधार जोडणीसाठी आलेल्या महिलांची रांग पायऱ्यांच्याही खाली गेली होती. ज्यांचे काम कार्डाचे आहे त्यांनी अशा दिवसांत सकाळी दार उघडण्याआधी जावे किंवा दुपारच्या जेवणाच्या सुटीनंतर, गर्दी ओसरल्यावर जावे. मधल्या वेळेत हाती काही लागत नाही. अर्जासोबत आधार आणि पॅनची स्वाक्षरी केलेली प्रत तसेच पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत मागितली गेली. खिडकीमागच्या बाईंनी अर्जावरील ‘आंतरराष्ट्रीय’ या रकान्यावर बोट ठेवून विचारले, “सर, परदेशात चालले का?” इलेक्शन ड्यूटी लागण्याची वाट पाहत असलेल्या शिक्षकाला हा प्रश्न जरा सुखद वाटला, हे मान्य केले पाहिजे. मी ‘एक सॉफ्टवेअर विकत घ्यायचे आहे’ एवढेच सांगितले. गेम म्हटल्यावर पुढे येणारे प्रश्न टाळलेले बरे.

दुसऱ्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. कार्ड टपालाने येईपर्यंत दिवाळीची सुटी सुरू झाली होती. पिन मात्र टपालाने येत नाही, तो एटीएमवर जाऊन नोंदणीकृत मोबाइलवर आलेल्या सांकेतिक क्रमांकाच्या आधारे आपणच तयार करावयाचा असतो. त्यासाठी आर्वीची आणखी एक फेरी झाली. त्यानंतर बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू करून त्याची मर्यादा मी दोन हजार रुपये ठेवली. ही मर्यादा कमी ठेवण्याचा आणि काम झाल्याबरोबर ती सोय बंद करण्याचा सल्ला मी प्रत्येकाला देईन, कारण परदेशी संकेतस्थळावर अनेकदा ओटीपीशिवायच पैसे कापले जातात आणि गावाकडच्या माणसाला तक्रार घेऊन पुन्हा त्याच रांगेत उभे राहावे लागते. भाऊबीज झाल्यावर, ४ नोव्हेंबरला, मी खरेदी पूर्ण केली. डॉलरचा भाव तेव्हा चौऱ्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. बँकेचे परकीय चलनाचे शुल्क आणि त्यावरील जीएसटी धरून खात्यातून पावणेनऊशेच्या घरात रक्कम गेली.

मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत हा गेम मावणारा नव्हता. अशा वेळी ब्राउझरवर विसंबू नये; अर्धवट थांबलेली फाइल तेथूनच पुढे उतरवणारे डाउनलोड मॅनेजर वापरावे आणि मध्यरात्रीनंतर, गाव झोपल्यावर, सुरुवात करावी. मी वरचा डेटा पॅक घेतला आणि फोन माळवदावर ठेवून रात्री फाइल उतरवली. दुसरा खर्च गेमपॅडचा. कळफलकावर हा गेम खेळणे म्हणजे बोटांना शिक्षा आहे, कारण खोलीत दृश्य हेन्रीच्या डोळ्यांतून दिसते आणि बाहेर पडताच कॅमेरा त्याच्या पाठीमागे, कधी डोक्यावर, कधी कोपऱ्यात जातो. बाराशे रुपयांचा साधा गेमपॅड मागवला. तो गावापर्यंत न येता आर्वीच्या कुरिअर कार्यालयातून आणावा लागला. गेमपॅडची बटने कळफलकाच्या कळांना जोडून देणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर सोबत ठेवल्यास बरीच डोकेदुखी वाचते.

खेळायला बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती वेळेची. या गेममध्ये प्रगती जतन करण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे खोलीतील वही. बाहेर कोठेही असाल तरी जवळचे भगदाड गाठून खोलीत परतल्याशिवाय काहीही जतन होत नाही. माझ्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम वीस मिनिटे टिकते आणि गावठाणच्या फिडरवर रात्री वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून मी घरच्या इन्व्हर्टरची एक जोडणी टेबलापर्यंत ओढून घेतली आणि प्रत्येक नवे भगदाड दिसले की आधी परत जाऊन जतन करायचे, मग पुढे जायचे, असा शिरस्ता ठेवला. वसतिगृहात असताना हीच ये-जा कंटाळवाणी वाटत होती. आता मात्र तिच्यामुळे खोलीची सवय होऊ लागली. पहिल्या अर्ध्या भागात त्या खोलीत पाऊल ठेवले की हेन्रीच्या जखमा आपोआप भरतात, पेटीत सामान ठेवता येते, खिडकीतून समोरच्या इमारतीतील माणसे दिसतात आणि दाराच्या छिद्रातून मार्गिकेतील शेजाऱ्यांचे बोलणे ऐकू येते. समोरच्या भिंतीवर रक्ताळलेल्या हातांचे ठसे आहेत आणि बाहेर एकेक माणूस मरतो तसा त्यांत एकेक ठसा वाढतो. पूर्वी मी ते मोजलेही नव्हते.

हेन्रीला एका वेळी दहाच वस्तू नेता येतात. तालुक्याच्या बाजाराला एकच पिशवी घेऊन निघालेल्या माणसासारखी ही अवस्था आहे: औषध घ्यावे की गोळ्या, किल्ली ठेवावी की कुऱ्हाड, याचा निर्णय घरूनच करून निघावा लागतो. शिवाय सामान निवडत असताना गेम थांबत नाही, राक्षस अंगावर येतच राहतात. गोल्फच्या काठ्या वाटेत मिळतात, त्या तुटतात. त्यांचा मोह धरू नये. ज्यांचे बळी गेले ती माणसे भुते होऊन मागे लागतात आणि ती मरत नाहीत, त्यांच्या नुसत्या जवळ असण्यानेही हेन्रीचे बळ घटते. त्यांना खाली पाडून ‘स्वोर्ड ऑफ ओबीडियन्स’ नावाच्या तलवारीने जमिनीला खिळून टाकता येते, पण अशा तलवारी मोजक्याच आहेत. गेमच्या पूर्वार्धात एकही वापरू नये, सर्व उत्तरार्धासाठी राखून ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

त्या दिवसांत हरभऱ्याला पाणी देण्याची पाळी रात्रीची होती, कारण शेतीच्या थ्री फेज विजेचे वेळापत्रक आठवड्यागणिक दिवसाचे रात्री आणि रात्रीचे दिवसा होत असते. दादा रात्री शेतात जात असे आणि तो परत येईपर्यंत मी जागा असे. खेळण्याचा बराचसा वेळ मला असाच मिळाला. एकदा पहाटे तो चिखलाच्या पायांनी येऊन मागे उभा राहिला, थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “अबे, कुऱ्हाड हाये ना त्याच्यापाशी? मंग थ्या साखळ्या काऊन नाई तोडत?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

१९ नोव्हेंबरला मतदानाचे साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, २० ला मतदान आणि रात्री उशिरा साहित्य जमा करणे, यात काही दिवस गेले. गेम तेव्हा नेमका पाण्याच्या तुरुंगात थांबलेला होता. हा तुरुंग म्हणजे मधोमध पहाऱ्याचा मनोरा असलेली वर्तुळाकार इमारत आहे. ‘विश हाउस’ या अनाथालयातील मुलांना एक पंथ तेथे डांबून ठेवीत असे. वरखालचे मजले फिरवून कोठड्यांच्या जमिनीतील भोके एका रेषेत आणावी लागतात. कल्पना भयंकर आहे, पण प्रत्यक्षात वरखाली धावण्यातच जीव मेटाकुटीला येतो. कागदावर वर्तुळ काढून कोठड्यांच्या खुणा करीत गेल्यास हे काम निम्म्या वेळात होते. भुयारी रेल्वेचे स्थानक आणि जंगल हे टप्पे मी भराभर ओलांडले. त्यांच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही.

गेमचा कणा आहे तो वॉल्टर सुलिवान. मालिकेच्या दुसऱ्या भागात, म्हणजे २००१ च्या मूळ गेममध्ये, त्याचे नाव एका कात्रणात ओझरते येऊन जाते. इमारतीचा व्यवस्थापक फ्रँक संडरलँड हा दुसऱ्या भागाचा नायक जेम्स याचा पिता आहे आणि त्याचा मुलगा व सून सायलेंट हिल गावात बेपत्ता झाल्याचा उल्लेखही येथे येतो. मागील भागांशी असलेले धागे इतके बारीक आहेत की घाईत खेळणाऱ्याच्या ते हातून निसटतात. वॉल्टरला जन्मतःच आईवडिलांनी याच ३०२ क्रमांकाच्या खोलीत टाकून दिले होते. अनाथालयात वाढलेल्या त्या मुलाने पुढे त्या खोलीलाच आपली आई मानले आणि तिला जागे करण्यासाठी एकवीस बळींचा विधी आरंभला. प्रत्येक बळीच्या अंगावर आकडा कोरलेला असतो: १६/२१, १७/२१ असा. शेजारच्या ३०३ मधील आयलीन गॅल्विन ही विसावी आणि हेन्री स्वतः एकविसावा.

आयलीनवर हल्ला होतो आणि ती रुग्णालयात सापडते, तेथून आम्ही सोडलेला तो बदनाम उत्तरार्ध सुरू होतो. याच वळणावर खोलीतील उपचार बंद होतात. जखमा भरत नाहीत. उलट भिंतीतून भुते बाहेर येऊ लागतात, खिडकीत, घड्याळात, बुटांत काही ना काही संचारते आणि त्यांच्याजवळ उभे राहिल्यास हेन्रीची शक्ती कमी होते. आयलीनच्या खोलीत डोकावण्याच्या भिंतीतील छिद्रातून मी डोळा लावला, तेव्हा पलीकडे बसलेला सशाचा बाहुला सरळ माझ्याकडे बोट दाखवीत होता. मी लॅपटॉप मिटवून अंगणात गेलो आणि दादा येईपर्यंत तेथेच बसून राहिलो.

तेव्हा मला हा उत्तरार्ध का लिहिला गेला असावा हे पटू लागले. ज्या खोलीत परतण्याची सवय गेमने तासन्‌तास लावली, तीच तो काढून घेतो; आणि जतन करण्याची वही मात्र अजूनही तेथेच असल्याने न जाऊनही भागत नाही. त्याच जागा पुन्हा येतात हे खरे, परंतु आधी ज्यांना मरताना पाहिले ती चार माणसे तेथे भुते होऊन वाट पाहत असतात, स्वतः वॉल्टर हातात शस्त्र घेऊन फिरत असतो आणि सोबत लंगडत चालणारी आयलीन असते. नव्या जागा दिल्या असत्या तर हा ताण आला नसता, असे आज मला वाटते. तरीही तो भाग लांबला आहे, हेही सांगितलेच पाहिजे. एक टप्पा कमी केला असता तरी काही बिघडले नसते. रुग्णालयातील रुग्णरूपी राक्षस मार लागल्यावर ढेकर दिल्यासारखा आवाज काढतात, त्या आवाजाने भीतीचा पार विचका होतो.

आयलीनला सांभाळण्याविषयी थोडे. ती खेळताना मरत नाही, पण तिला बसलेला मार साठत जातो, तिच्या अंगावर शापाच्या खुणा पसरतात आणि त्यावरच शेवट अवलंबून असतो. भगदाडे तिला दिसत नाहीत. हेन्री खोलीत जातो तेव्हा ती बाहेरच थांबते. म्हणून आसपासचे राक्षस संपवूनच तिला मागे सोडावे. तिला शस्त्र दिले तर ती लढायला धावते आणि अधिक मार खाते, त्यामुळे मी तिला बराच काळ काहीच दिले नाही. पवित्र मेणबत्ती तिच्याजवळ पेटवली तर तिच्यावरील परिणाम उतरतो. हीच मेणबत्ती खोलीतील पछाडलेल्या जागा शुद्ध करण्यासाठीही लागते, आणि खरी ओढाताण येथे आहे. संताचे पदक गळ्यात घालून त्या जागेजवळ उभे राहिल्यासही काम होते, मात्र पदक वापरून वापरून तुटते. वाटेत वॉल्टर एक मळकी बाहुली देऊ करतो. ती घेतलीच तर खोलीतील पेटीत ठेवू नये, कारण तिच्यामुळेही खोली पछाडते.

शेवट चार आहेत आणि या मालिकेत प्रथमच गमतीचा, उडत्या तबकडीचा शेवट ठेवलेला नाही. आयलीन वाचते की नाही आणि खोली शुद्ध झाली की नाही, या दोन गोष्टींच्या जोड्यांतून ते ठरतात. मी जवळच्या बहुतेक मेणबत्त्या आयलीनसाठी खर्च केल्यामुळे नोव्हेंबर संपताना मला ‘मदर’ हा शेवट मिळाला: ती वाचते, पण पुन्हा त्याच इमारतीत राहायला जाण्याचे बोलते आणि खोली अजून पछाडलेलीच आहे हे खेळणाऱ्याला दिसते. एरवी मी तेथेच थांबलो असतो. परंतु गोल जिन्याच्या शेवटच्या टप्प्याआधीची नोंद वेगळ्या जागी जतन केलेली होती, म्हणून उरलेली पदके घेऊन खोलीचा एकेक कोपरा साफ करीत पुन्हा गेलो. वेगवेगळ्या नोंदी ठेवण्याची सोय गेममध्ये आहे, तिचा लाभ प्रत्येकाने घ्यावा. १५ डिसेंबरच्या रविवारी ‘एस्केप’ हा शेवट पाहिला. त्यात आयलीन एवढेच सुचवते की आता राहायला दुसरी जागा शोधावी लागेल.

खर्चाचा हिशेब असा: गेमचे पावणेनऊशे, गेमपॅडचे बाराशे, डेटा पॅक आणि आर्वीच्या फेऱ्यांचे मिळून तीनशेच्या आत. गेमची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवली आहे आणि कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार अॅपमधून बंद केले आहेत. अमरावतीच्या त्या मित्राला मी मेणबत्त्यांचा हिशेब लिहून पाठवला आहे. त्याचे कार्ड मात्र अजून देशांतर्गतच आहे.